मुक्या तात्यांची बायको

र्युसेल्सहाइम, २ फेब्रुवारी

अहो,

जयभीम. पोचले, जेवले, झोपले, थंडीने कुडकुडलेही. हे सगळं तुम्हाला व्हिडिओ कॉलवर सांगून झालंय. तुम्ही मान हलवलीत, अंगठा दाखवलात आणि कॉल बंद केलात. सगळा वेळ मी एकटीच बडबडत होते. प्रिया शेजारी भाजी चिरत होती, ती म्हणाली, "आई, बाबा घरीसुद्धा तात्यांच्याच रोलमध्ये असतात का?" सून गोड आहे, हसून बोलते. मला काही हसू आलं नाही.

म्हणून आता कागदावर लिहितेय. फोटो काढून पाठवीन. वाचलंत की निळ्या खुणा दिसतात मला, तेव्हा मिळालंच नाही म्हणायची सोय नाही.

मुद्द्याचं सांगते. इथे आसपास आपली पुष्कळ मुलं आहेत. कोणी आपल्या अश्वजितसारखी गाड्यांच्या कंपनीत, कोणी विद्यापीठात. दर वर्षी जयंती करतात. यंदा बारा एप्रिलच्या शनिवारी हॉल घेतलाय. त्यांच्यात क्षमा म्हणून एक मुलगी आहे, वर्ध्याची, माइन्झला संशोधन करते. परवा घरी आली होती. मी शाहीर देवानंदांची बायको, त्यांच्या मागे उभी राहून झील धरणारी, हे कळल्यावर पोरगी खुर्चीतून उठलीच! तिच्या वडिलांकडे आपली कॅसेट होती म्हणे. म्हणाली, "काकू, तुम्ही दोघं मिळून गा ना." मी हो म्हणून बसले. तुम्हाला न विचारता.

व्हिसा दोघांचाही आलाय. अश्वजितने मरमर करून कागद जमवले होते. ऐन वेळी शूटिंग काढलंत तुम्ही. तुमचा मालिकेचा करार मार्चअखेर संपतोय, हेही मला त्याच्याकडून कळलं. पुढच्या तीन वर्षांचा कागद तुमच्यापुढे आला आहे म्हणे. त्यात परत तेच असणार: मालिका चालू आहे तोवर देवानंदांनी चारचौघांत बोलायचं नाही, गायचं नाही, कारण तात्या मुका आहे आणि लोकांना तो मुकाच वाटला पाहिजे.

सही करू नका. इकडे या. एकदा, फक्त एकदा दोघं स्टेजवर उभे राहू. मी दुसरं काही मागत नाही.

पंचवीस एप्रिलला मला इथून निघावंच लागेल, व्हिसाची मुदत संपते. मुंबईला उतरेन. तिथून भुसावळची गाडी धरायची की तुमच्या घरी यायचं, ते तुमच्या उत्तरावर ठरवीन.

इथे पाच वाजता अंधार पडतो. अश्वजित आणि प्रिया कामावर, स्पृहा किंडरगार्टनमध्ये. दिवसभर घरात मी आणि भांडी धुण्याचं मशीन. तेच काय ते आवाज करतं.

शैला

१९ फेब्रुवारी

अहो,

निळ्या खुणा आल्या आणि खाली जोडलेल्या हातांचं चित्र आलं. कर्म माझं! दोन पानं लिहिली मी, आणि उत्तर काय, तर चित्र. मतं मागायला आलेला उमेदवारसुद्धा यापेक्षा जास्त बोलतो.

काल प्रियाबरोबर एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, फ्रँकफुर्टला गेले होते, डाळ-तांदूळ आणायला. दुकानात पुण्याच्या एक बाई भेटल्या, अहिल्याताई, मुलीकडे आल्यात. तुमची मालिका एक दिवस चुकवत नाहीत. प्रियाने सांगून टाकलं, या तात्यांच्या मिसेस. बाईंनी तांदळाची पिशवी खाली ठेवली आणि माझे दोन्ही हात धरले. मग दोन बोटं ओठांवर टेकवून छातीवर नेली, तुमची ती खूण. डोळ्यांत पाणी. हळूच विचारतात, "अहो, खरंच बोलता येत नाही का हो त्यांना?"

मी म्हटलं, "पूर्वी येत होतं."

प्रियाने माझ्याकडे पाहिलं.

त्या बाईंना काय ठाऊक म्हणा. जामनेर, बोदवड, मलकापूर. जयंतीच्या दिवसांत एका गावातून निघालो की टेम्पो थेट दुसऱ्या गावी, भाकरी टेम्पोतच. तुम्ही पुढे उभे, डफ हातात, मी मागे. तुम्ही ओळ फेकायची, मी उचलायची. वासुदेवदादांनी पहिल्या दिवशीच मला बजावलं होतं, "पोरी, शाहीर श्वास घेतो ना, त्या क्षणी तुझी झील उभी राहिली पाहिजे. लोकांना त्याचा श्वास दिसता कामा नये." तुमचा श्वास झाकण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. लोक नाव तुमचं घ्यायचे. मला त्याचं काही वाटत नव्हतं. खरंच सांगते, काही नव्हतं वाटत.

मग तो मुंबईचा दिग्दर्शक आला. म्हणाला, तुमचे डोळे बोलतात. मुक्या गाडीवानाचं काम, चार भागांचं. चार भागांची नऊ वर्षं झाली. लग्नात पोरं तुमची खूण करून फोटो काढतात. भुसावळच्या बाजारात मला भाजीवाली कोथिंबीर फुकट देते. सगळं चांगलंच झालं की. फक्त गाणारा माणूस मुका होऊन प्रसिद्ध झाला, एवढंच.

तेही सोसलं असतं मी. पण वासुदेवदादा गेले, तेव्हाची शोकसभा मी विसरत नाही. सगळे म्हणाले, देवानंदभाऊ, दादांचं एक गाणं होऊ द्या. तुम्ही माइकपाशी गेलात. मी पदर खोचून मागे उभी राहिले, श्वास भरून घेतला. आणि तुम्ही काय केलंत? दोन बोटं ओठांवर ठेवलीत. शोकसभेत टाळ्या पडल्या हो! मागून कोणीतरी शिटी वाजवली. ज्या माणसाने तुम्हाला गळा दिला, त्याच्या फोटोपुढे कराराच्या एका कागदासाठी गळा उघडला नाहीत. मी तशीच बाहेर पडून रिक्षात बसले. त्यानंतर तुमच्या मुंबईच्या घराची पायरी मी चढले नाही, आणि तुम्हीही कधी ये म्हणाला नाहीत.

येताय का, ते सांगा. चित्र नको.

शैला

९ मार्च

अहो,

"डेट्स नाहीत." दोन शब्द टाइप केलेत, आभारी आहे.

मग मी पण ठरवलं. क्षमाला सांगितलं, काका येत नाहीत, मीच पुढे उभी राहते, तू मागे झील धर. ती म्हणाली, "काकू, मला कुठे येतं?" मी म्हटलं, मला तरी पुढे उभं राहणं कुठे येतं? चल.

सरावाची पण गंमतच आहे. पहिल्या रविवारी दिवाणखान्यात सुरू केलं, तर खालच्या मजल्यावरची बाई वर आली. रागावली नाही, हसत होती, पण जिन्यात लावलेल्या कागदावर बोट ठेवलं. रविवार म्हणजे इथे रुहेत्साइट. शांततेची वेळ. ड्रिल नाही, कपड्याचं मशीन नाही, गाणं तर नाहीच नाही. नातही तिच्याच बाजूची. कानांवर हात ठेवून म्हणते, "आजी, त्सु लाउट!" म्हणजे फार मोठ्याने. मराठी सगळं कळतं तिला, पण तोंडातून जर्मनच निघतं. जत्रेतल्या मैदानात माइकशिवाय शेवटच्या रांगेला ऐकू जाणारी बाई मी, मला चार वर्षांची पोर सांगते, हळू.

मग आम्ही केलरमध्ये जातो, तळघरात. सायकली, गाडीचे टायर, कोणाच्या तरी बटाट्यांची पोती, आणि मधोमध आम्ही दोघी. दादांचं तेच घेतलंय:

वेशीबाहेरच्या वाटेवरती दिवा कुणी हा लावला

क्षमाचा आवाज गोड आहे. पण उचलते उशिरा. माझी ओळ पूर्ण संपू देते, मग सुरू करते. मी म्हटलं, अगं, मध्येच घुसायचं असतं. तर म्हणते, "आल्झो, म्हणजे काकू, इथे सवयच लागलीय, समोरच्याचं वाक्य संपल्याशिवाय बोलायचं नाही." मला इतकं हसू आलं! मग हसता हसता गप्प झाले. कारण तिथे मधे जी पोकळी पडते ना, तिच्यात माझा श्वास ऐकू येतो. म्हाताऱ्या बाईचा धापेचा आवाज. तुमच्या मागे इतकी वर्षं उभी होते, मला माझा श्वास कधी ऐकूच आला नव्हता.

तुमचा राग येतो मला. रोज येतो. तुम्हाला हाव सुटली, नावाची आणि चेहऱ्याची. गाडीवानाच्या धोतरात मेकअपच्या खुर्चीत बसायची चटक लागली. स्वयंपाक करताना राग येतो, स्पृहाचे बूट घालताना येतो, बर्फ पडला की जास्त येतो. इथे कोणाशी भांडायची सोय नाही, सगळे दमून घरी येतात आणि सगळे चांगले वागतात. म्हणून तुमच्याशीच भांडते. वाचा आणि गप्प बसा, तुम्हाला जमतंच ते.

शैला

२७ मार्च

अहो,

हे पत्र नीट वाचा. मध्ये थांबू नका.

गेला आठवडाभर मला सर्दी, घसा धरलेला. तरी काल सरावाला उतरलो. "लावला"ला वर जायचं असतं, तुम्हाला माहीत आहे. मी "दिवा कुणी हा" पर्यंत आले आणि कळलं, वरचा सूर लागत नाहीये. लागणारच नव्हता. तेव्हा माझा डावा हात आपोआप कमरेमागे गेला आणि बोटं उघडली, क्षमासाठी. म्हणजे घे तू, आत्ता घे. आणि पोरीने घेतलं! पहिल्यांदा वेळेवर घेतलं. वरचा सूर तिने लावला, मी खाली राहिले, आणि ऐकणाऱ्याला कळलंही नसतं.

क्षमा खुश. म्हणाली, "गेनाऊ, बरोब्बर, हेच पाहिजे होतं ना काकू?"

मी टायरवर बसले.

कारण तो हात माझा नव्हता, तुमचा होता. कमरेमागचा तो डावा हात मी मागे उभी राहून दोन वर्षं पाहिलाय. मालिकेच्या आधीची शेवटची दोन वर्षं. "दिवा कुणी हा" म्हणून तुम्ही ओळ सोडायचात, बोटं उघडायचात, आणि वरचं सगळं मी घ्यायचे. आधी एका गाण्यात, मग चारांत, मग सगळ्यांत. लोक टाळ्या वाजवायचे. मी समजले, तुमची नवी ढब आहे. नाही, त्याहून वेडं समजले. मला वाटलं, इतक्या वर्षांनी का होईना, बायकोला पुढे आणताय. टेम्पोत तुमच्या शेजारी बसून मी मनातल्या मनात फुगायचे. एकदा तुम्हाला म्हणालेही होते, "आता मलाच शाहीर म्हणतील." तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात.

तुमचा गळा गेला होता का हो?

तेव्हाच गेला होता? म्हणून मुक्याचं काम घेतलंत? करारातलं ते कलम त्यांनी घातलं, की तुम्ही घालून घेतलंत? आणि शोकसभेत ती बोटं ओठांवर ठेवलीत, ती खूण नव्हती. तुम्ही मला सांगत होतात, मला येत नाहीये. आणि मूर्खांनी टाळ्या वाजवल्या आणि मी उठून गेले.

व्हिडिओवर मान हलवता, ते पण त्यामुळेच का? मी मुंबईला यायचे तेव्हा घरातही खुणांवरच भागवायचात, मला वाटायचं, तात्यांची सवय लागलीय.

मला चुकीचं ठरवा. म्हणा, बाई, तुझं डोकं फिरलंय, थंडीने. पण काय ते सांगा.

शैला

३० मार्च

तुमचा "हो" मिळाला. एकच अक्षर, खाली काही नाही. अश्वजितला विचारलं, त्यालाही माहीत नव्हतं. जेवता जेवता ताट सरकवून उठला आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिला.

नऊ वर्षं मी तुम्हाला हावरट म्हटलं. नातेवाइकांत म्हटलं, तोंडावर म्हटलं, याच महिन्यात लिहूनही पाठवलं. आणि तुम्ही सगळं गिळलंत. बायकोने लोभी म्हटलेलं चाललं तुम्हाला, पण गळा गेलेला तिला कळलेलं चाललं नाही. काय माणूस आहात! मला इतकं रडू येतंय आणि इतका संताप येतोय की कुठून सुरुवात करू कळत नाही. ज्या बाईने तुमचा श्वास जगापासून झाकला, तिच्यापासूनच लपवलंत? माझ्याजवळ ते सुरक्षित राहिलं नसतं?

करारावर सही करा खुशाल. ते पांघरूण मी ओढणार नाही. जगासाठी मुके राहा.

पण मला लिहून "हो" नको. बोला. कसाही असू दे आवाज. फाटका, बसलेला, घोगरा. मला तोंडाने सांगा काय झालं, कोणत्या डॉक्टरकडे गेलात, एकटे गेलात का. मी फोन करणार नाही, तुम्हाला कोंडीत पकडल्यासारखं होईल. तुमचं धाडस होईल तेव्हा तुम्ही करा. मी वाट बघतेय.

शैला

१४ एप्रिल

अहो, ऐका. फोन बंद करून बसू नका, हे आधी वाचा.

परवा कार्यक्रम झाला. छान झाला. मी पुढे उभी राहिले, वरच्या सुराला हात मागे नेला, क्षमाने उचललं. लोक उभे राहिले. नंतर एक जोडपं आलं, म्हणालं, काकू, तात्यांची खूण करा ना, फोटो काढू. मी केली नाही. घरी येऊन साडी बदलली, तुमचा फोन आला का बघितलं. नव्हता. काल पण नव्हता.

आज काय झालं ते सांगते. स्पृहाला ताप, ती घरी. माझा मोबाइल तिच्या हातात, कार्टून बघत होती. आता कळतंय, तुम्ही आधी त्याच्यावर फोन लावलात आणि तिने कापला, कार्टून अडलं म्हणून. मग तुम्ही घरच्या फोनवर लावलात. तो फोन इंटरनेटबरोबर आलाय, त्याच्यावर नावबिव दिसत नाही. विकणाऱ्यांशिवाय कोणी त्याच्यावर करत नाही. अश्वजितने मला एक वाक्य घोकून दिलंय, फोन आला की म्हणायचं आणि ठेवून द्यायचं. काइन इंटेरेसे. म्हणजे मला नको.

मी पोरीच्या कपाळावर पट्टी ठेवत होते. उचलला. तिकडून कोणीतरी घासल्यासारखं, दाटल्यासारखं काहीतरी बोललं. पुरुष की बाई तेही कळेना. मला घाई होती. मी ते वाक्य म्हटलं आणि ठेवून दिला.

परत वाजला. परत तोच आवाज. मी परत तेच म्हटलं, जरा मोठ्यानेच, आणि तारच काढून टाकली.

दुपारी अश्वजितचा ऑफिसातून फोन आला. म्हणाला, आई, बाबांनी मला मेसेज केलाय. वाचून दाखव म्हटलं. "तुझ्या आईला फोन केला होता. तिने ओळखलं नाही. तिची चूक नाही."

अहो, ते "शैला" होतं का? तुम्ही "शैला" म्हणत होतात का?

मी तेव्हापासून लावतेय, फोन बंद आहे. तार परत जोडलीय. मोबाइल पोरीकडून काढून घेतलाय, ती रडून झोपली. आज जयंती, इथे सगळे मेसेज पाठवताहेत एकमेकांना आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून हे लिहितेय.

मी ओळखलं नाही, खरं आहे. खोटं कशाला बोलू? माझ्या कानात तुमचा तो जुना आवाज आहे, मैदानभर जाणारा. झोपेतून उठवलं तरी तो मी ओळखीन. हा मला कोणी ऐकवलाच नाही. नऊ वर्षं तो तुम्ही एकट्याने सांभाळलात, दार लावून. मग मी ओळखू कसा?

पंचवीसला मुंबईला उतरतेय. भुसावळची गाडी धरणार नाही. तुम्ही दार उघडा किंवा नका उघडू, मी पायरीवर बसेन.

पण त्याच्या आधी एकदा फोन करा. मी उचलीन आणि एक अक्षर बोलणार नाही. तुम्ही बोला. काहीही बोला, आज काय जेवलात, शूटिंगला पाऊस होता का, दूधवाला आला का. मला ओळख पटेपर्यंत बोलत राहा.

शैला